आधी कोण, मग कोण? : वीजपुरवठ्याच्या चिपची एनेबल पिन आणि चालू होण्याचा क्रम



संस्थेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप कार्यकर्त्यांनी दिला तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी लेखक नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीवर आणि लहानसहान यंत्रणा तयार करण्यावर पोट भरणारा माणूस आहे. परंतु भोर आणि वेल्हे भागातील (वेल्ह्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे) आपली अनेक मुले-मुली आज आय.टी.आय., डिप्लोमा आणि अभियांत्रिकीला आहेत. त्यांना पुस्तकात सहसा न सापडणारी, पण कामावर हमखास आडवी येणारी एक गोष्ट सांगावी, असे मनात आले. ही गोष्ट मला फार महागात शिकावी लागली. तुम्हाला ती स्वस्तात मिळावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. एक चूक आणि तिची किंमत

वेल्हे भागातील एका वाडीच्या पाण्याच्या टाकीसाठी मी एक स्वयंचलित नियंत्रक तयार केला होता. टाकी रिकामी झाली की विहिरीवरची मोटर चालू व्हावी आणि टाकी भरली की बंद व्हावी, एवढेच त्याचे काम. बोर्डावर बारा व्होल्टचा सप्लाय येत होता. त्यातून एक चिप पाच व्होल्ट तयार करी. त्यावर पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर आणि रिले चाले. दुसरी चिप त्याच बारा व्होल्टमधून ३.३ व्होल्ट तयार करी. त्यावर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोर्डाचा मेंदू चाले.

उन्हाळाभर यंत्रणा बिनतक्रार चालली. वाडीतील मंडळी खूश होती. जुलैत पाऊस लागला. आपल्याकडचा पाऊस म्हणजे झाड तारेला लागते, वीज अर्धा सेकंद जाते, येते, पुन्हा जाते. अशाच एका रात्री वीज क्षणभर गेली आणि आली. मेंदू अर्धवट जागा, अर्धवट झोपलेला अशा अवस्थेत अडकला. रिले चिकटलेलाच राहिला. टाकी भरून वाहिली, विहिरीचा उपसा संपला, मोटर कोरडी फिरत राहिली आणि पहाटे जळाली. मोटर पुन्हा भरून येईपर्यंत बायाबापड्यांना भर पावसात ओढ्यावरून हंडे वाहावे लागले. घराघरांतून वर्गणी काढून बसवलेली ती मोटर होती. कोणी मला रागे भरले नाही, उलट एक आजी म्हणाल्या, "लेकरा, तुझं काय चुकलं ते आधी शोध, मग दुसरी मोटर लाव." तो शब्द मी विसरलेलो नाही.

शोध घेतला तेव्हा चूक कोणत्याही सुट्या भागाची नव्हती. चूक क्रमाची होती, आणि त्या क्रमाच्या मुळाशी होती एक दुर्लक्षित पिन. तिचे नाव एनेबल.

२. एनेबल पिन म्हणजे काय?

सप्लाय तयार करणाऱ्या बहुतेक आधुनिक चिपांना इनपुट, आउटपुट आणि ग्राउंड यांखेरीज आणखी एक पिन असते. तिच्यावर 'ईएन' किंवा 'ऑन-ऑफ' असे लिहिलेले असते. ही पिन म्हणजे चिपला दिलेली परवानगी होय. इनपुटला वीज असली तरी परवानगी नसेल तर चिप आउटपुट देत नाही.

आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मोटरच्या स्टार्टरला वीज आली म्हणून मोटर लगेच फिरत नाही. हिरवे बटण दाबावे लागते. वीज गेली की स्टार्टरमधील कॉईल सुटते आणि पुन्हा वीज आली तरी मोटर बंदच राहते. पण रात्री-अपरात्री शेतावर जायला नको म्हणून आपण 'ऑटो' बसवतो. मग वीज आली की मोटर आपोआप फिरते. म्हणजे वीज तीच, मोटर तीच. फरक फक्त परवानगी कोण देतो आणि काही न सांगितल्यास काय गृहीत धरले जाते, याचा.

एनेबल पिनविषयी पहिला प्रश्न हाच विचारावयाचा: *पिन मोकळी सोडली तर चिप चालू की बंद?*

३. मोकळी पिन म्हणजे 'बंद' नव्हे

माझी पहिली चूक येथे झाली. पाच व्होल्टच्या चिपची एनेबल पिन मी कोठेही जोडली नव्हती. काही जोडले नाही म्हणजे काही होणार नाही, असा माझा समज. प्रत्यक्षात त्या चिपच्या आतच एक सूक्ष्म प्रवाह पिनला वर ओढत होता. मोकळी पिन म्हणजे कायमचे 'ऑटो'!

याबाबत तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार: आतून वर ओढलेली पिन. उदाहरणार्थ, टीपीएस ५४३३१ या चिपमध्ये सुमारे १ मायक्रोअँपिअर प्रवाह पिनला वर ओढतो. मोकळी सोडली तर चिप चालू.

दुसरा प्रकार: आतून खाली ओढलेली पिन. मोकळी सोडली तर चिप बंद.

तिसरा प्रकार: आत काहीच नसलेली पिन. ही सर्वांत फसवी. ती हवेतून, शेजारच्या तारेतून, बोटाच्या स्पर्शातून, पावसाळी दमटपणातून जे मिळेल त्यावर डोलते. टेबलावर चालते, डब्यात बंद केले की चालत नाही. मल्टिमीटर लावला की सुधारते, काढला की बिघडते. असे लक्षण दिसले की प्रथम मोकळ्या पिनचा संशय घ्यावा.

त्याखेरीज दिशेचाही प्रश्न आहे. बहुतेक चिपांत पिन वर गेली की चिप चालू होते. परंतु पुण्यात बुधवार पेठेतील दुकानांत सहज मिळणारी एलएम २५९६ घ्या. तिच्या ऑन-ऑफ पिनचे काम उलटे आहे. पिन खाली, ग्राउंडला असेल तर चिप चालू. पिन वर नेली तर बंद. मोकळी सोडली तरी चालूच. उंबरठा सुमारे १.३ व्होल्टचा, मात्र हमखास चालू हवी असेल तर ०.६ व्होल्टच्या खाली आणि हमखास बंद हवी असेल तर २ व्होल्टच्या वर ठेवावे. आणि एएमएस १११७ सारख्या साध्या तीन पायांच्या चिपला तर एनेबल पिनच नाही. इनपुट आले की ती सुरू होणारच.

यावरून नियम असा: एनेबल पिन कधीही मोकळी सोडू नये. मोकळी सोडल्यास चालू राहते असे डेटाशीट म्हणत असले आणि आपल्याला तेच हवे असले, तरीही ते जाणूनबुजून केलेले असावे, विसरून झालेले नसावे.

४. खाली ओढणारा रेझिस्टर किती असावा?

चिप सुरुवातीला बंद राहावी असे वाटत असेल तर पिनवरून ग्राउंडला रेझिस्टर लावतात. पण कोणताही रेझिस्टर चालत नाही. ओहमचा नियम लावून पाहू.

आतील प्रवाह १ मायक्रोअँपिअर आणि रेझिस्टर १०० किलोओहम असेल तर पिनवर ०.१ व्होल्ट येतील. उंबरठा १.२५ व्होल्टचा; चिप निश्चित बंद. तेथे १.५ मेगाओहम लावला तर पिनवर १.५ व्होल्ट येतील आणि चिप चालू होईल. रेझिस्टर लावूनही!

आता आपल्याकडचा पावसाळा हिशेबात घ्या. बोर्डावर ओल आणि धूळ बसली की बारा व्होल्टच्या पट्टीपासून शेजारच्या पिनपर्यंत गळती होऊ शकते. ती गळती १ मेगाओहमची आहे असे धरू. खाली १०० किलोओहम असेल तर पिनवर १२ × १०० ÷ ११०० म्हणजे १.०९ व्होल्ट येतात. उंबरठ्याच्या अगदी तोंडाशी. तेथेच १० किलोओहम असेल तर केवळ ०.१२ व्होल्ट. म्हणून डोंगरी, दमट भागात बसवायच्या बोर्डाला मी १० किलोओहम वापरतो आणि वरून लॅकरचा थर देतो. मायक्रोकंट्रोलरच्या पिनने ३.३ व्होल्ट देऊन एनेबल वर नेताना त्यातून फक्त ०.३३ मिलिअँपिअर जातो. ते त्याला सहज झेपते.

५. क्रम कशासाठी?

एका बोर्डावर दोन-तीन सप्लाय असले की कोणता आधी यावा याला महत्त्व येते. त्याची कारणे तीन.

पहिले, *उलटा शिरकाव.* माझ्या बोर्डावर पाच व्होल्ट लगेच येत होते आणि ३.३ व्होल्ट मी मुद्दाम उशिरा आणले होते. आधी सगळे स्थिर होऊ दे, मग मेंदू जागा होऊ दे, असा माझा विचार. पण पाच व्होल्टवर जागा झालेला सेन्सर मेंदूच्या पायावर सिग्नल पाठवू लागला. मायक्रोकंट्रोलरच्या प्रत्येक पायाला आत संरक्षक डायोड असतात. त्या डायोडमधून सिग्नल ३.३ व्होल्टच्या पट्टीत शिरला. वीज क्षणभर गेली तेव्हा ती पट्टी शून्यावर आलीच नाही; मधेच कोठेतरी दीड व्होल्टच्या आसपास लोंबकळत राहिली. शून्य झाले नाही म्हणून रीसेट झाला नाही. रीसेट झाला नाही म्हणून मेंदू भ्रमिष्ट राहिला. रिले ज्या अवस्थेत होता त्याच अवस्थेत राहिला. मोटर जळण्याची साखळी ती हीच.

दुसरे, *चिपचे नुकसान.* अशा शिरकावाचा प्रवाह मोठा असेल तर सीमॉस चिपमध्ये 'लॅच-अप' नावाची अवस्था येते. आतल्या आत सप्लाय आणि ग्राउंड यांच्यात वाट तयार होते आणि सप्लाय पूर्ण काढेपर्यंत ती सुटत नाही. चिप तापते, कधी कायमची जाते.

तिसरे, *एकदम पडणारा भार.* गावातील डीपीवर वीज आली आणि सगळ्यांच्या ऑटोवरील मोटरी एकाच क्षणी उठल्या की फ्यूज जातो. एकेक मोटर थोड्या अंतराने उठली तर तीच डीपी सर्वांना पुरते. बोर्डावरही प्रत्येक सप्लायचा कपॅसिटर रिकामा असतो. सर्व एकदम भरू लागले की मूळ सप्लाय बसतो.

मोठ्या चिपांचे उत्पादक क्रम स्पष्ट लिहून देतात. झायलिंक्सच्या सातव्या मालिकेतील एफपीजीएसाठी शिफारस अशी, की आधी गाभ्याचा सप्लाय, मग आतील स्मृतीचा, मग साहाय्यक सप्लाय आणि शेवटी बाहेरच्या पायांचा. बंद करताना याच्या उलट. मात्र हाच क्रम सगळ्यांना लागू, असे समजू नये. प्रत्येक चिपची डेटाशीट हाच तिचा कायदा.

६. आपल्याच मातीतील दोन उदाहरणे

उंबरठा म्हणजे काय हे पाहावयाचे असेल तर भोर तालुक्यात वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण आठवावे. त्याचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठराविक पातळीला आले की आपोआप उघडतात. पाण्याची पातळी हीच परवानगी. चांगल्या एनेबल पिनचेही तसेच. व्होल्टेज उंबरठा ओलांडते आणि चिप उघडते.

आणि क्रम चुकला तर काय होते? वेल्हे तालुक्यातील पानशेतचे मातीचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासला धरणही फुटले आणि पुणे शहरात हाहाकार उडाला. धरणाचे काम तेव्हा पूर्ण झालेले नव्हते. पाणी सोडण्याच्या मार्गावरील दारांची व्यवस्था पुरी होण्याआधीच पावसाने जलाशय भरत गेला. त्या दुःखाची तुलना एका बोर्डाशी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण आमच्या भागातील वडीलधाऱ्यांकडून तो दिवस ऐकत मोठे झालेल्या माणसाला एक गोष्ट कायमची कळते: *नियंत्रण आधी तयार व्हावे, दाब मागून यावा.* मेंदू आधी, रिले मागून. हा धडा मला ठाऊक होता. तो बोर्डावर लावायला मात्र मोटर जळावी लागली.

७. क्रम लावण्याच्या तीन रीती

*रीत पहिली: रेझिस्टर आणि कपॅसिटर.* एनेबलला रेझिस्टरमधून सप्लाय द्यायचा आणि ग्राउंडला कपॅसिटर लावायचा. कपॅसिटर भरत जातो, उंबरठा येतो, चिप सुरू होते. लागणारा वेळ असा:

वेळ = रेझिस्टर × कपॅसिटर × नैसर्गिक लॉग [सप्लाय ÷ (सप्लाय − उंबरठा)]

१०० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड घेतले तर गुणाकार ०.१ सेकंद. सप्लाय ५ व्होल्ट, उंबरठा १.२५ व्होल्ट, वेळ सुमारे २९ मिलिसेकंद.

ही रीत स्वस्त आहे, पण तिच्यात तीन खाचा आहेत. पहिली खाच अशी, की काही चिपांचा उंबरठा नेमका नसतो. ०.४ व्होल्टच्या खाली बंद, १.४ व्होल्टच्या वर चालू, एवढेच डेटाशीट सांगते. मधल्या पट्ट्यात चिप काहीही करू शकते. वरच्याच जोडणीत ०.४ व्होल्टला ८ मिलिसेकंद लागतात आणि १.४ व्होल्टला ३३. म्हणजे एकाच पाकिटातील दोन चिपा चौपट फरकाने सुरू होऊ शकतात. दुसरी खाच: वीज क्षणभर जाऊन आली तर कपॅसिटर भरलेलाच राहतो आणि उशीर उरतच नाही. यासाठी रेझिस्टरला समांतर एक डायोड लावावा, अ‍ॅनोड एनेबलकडे आणि कॅथोड सप्लायकडे. सप्लाय पडला की कपॅसिटर त्यातून लवकर रिकामा होतो. तिसरी खाच: पिनची सहनशक्ती. टीपीएस ५४३३१ ची एनेबल पिन ६ व्होल्टपर्यंतच सोसते. तिला रेझिस्टर-कपॅसिटरने १२ व्होल्टकडे नेले तर पिन जाईल.

*रीत दुसरी: पॉवर-गुड.* पुष्कळ चिपांना आणखी एक पिन असते, 'पीजी'. आउटपुट ठीक झाले की ती मोकळी होते, तोपर्यंत ग्राउंडला धरून ठेवते. पहिल्या चिपची पीजी दुसरीच्या एनेबलला जोडली की दुसरी आपोआप नंतर येते. येथे घड्याळावर भरवसा नाही, प्रत्यक्ष कामावर आहे. शर्यतीत पुढच्या धावपटूच्या हातात दांडी पडल्यावरच तो धावतो, तसे.

यात एक सूक्ष्म धोका आहे. पीजीला वर ओढणारा रेझिस्टर कोठे जोडायचा? तो थेट मूळ सप्लायला जोडला, तर सप्लाय नुकताच चढू लागला असताना पहिली चिप स्वतःच जागी झालेली नसते. पीजीला खाली धरणारा आतील ट्रान्झिस्टर तेव्हा निर्जीव असतो. त्या क्षणी पीजी वर जाते आणि दुसऱ्या चिपला खोटी परवानगी मिळते. तो रेझिस्टर पहिल्या चिपच्या *आउटपुटला* जोडावा. आउटपुटच नाही तोवर पीजी वर जाणार कशी?

*रीत तिसरी: मेंदूच्या हाती किल्ली.* मायक्रोकंट्रोलरचा सप्लाय आधी येऊ द्यायचा. तो जागा झाला, त्याने स्वतःची तपासणी केली, की मग त्यानेच बाकीच्या चिपांना एनेबल द्यायचे. माझ्या दुरुस्त केलेल्या बोर्डात हीच रीत आहे. ३.३ व्होल्ट आधी. पाच व्होल्टच्या चिपची एनेबल १० किलोओहमने खाली ओढलेली. मेंदू सांगेल तेव्हाच ती वर जाते. मेंदू गोंधळला, रीसेट झाला किंवा मेला, तर त्याचा पाय मोकळा होतो, एनेबल खाली येते, पाच व्होल्ट जातात आणि रिले सुटतो. मोटर बंद. ३.३ व्होल्टची चिप पाच व्होल्टवरून न चालवता थेट बाराव्होल्टवरून चालवली होती, म्हणूनच हा क्रम उलटवता आला.

उलट्या चालीच्या एलएम २५९६ ला हीच रीत लावताना एक ट्रान्झिस्टर वाढवावा लागतो. ऑन-ऑफ पिन १०० किलोओहमने बारा व्होल्टला वर ओढावी. ही पिन २५ व्होल्टपर्यंत सोसते. तिच्यावरून ग्राउंडला एक एनपीएन ट्रान्झिस्टर. मेंदूने १० किलोओहममधून बेसला ३.३ व्होल्ट दिले की ट्रान्झिस्टर पिनला खाली ओढतो आणि चिप चालू होते. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये १०० किलोओहम विसरू नये. मेंदू झोपेत असताना ट्रान्झिस्टर त्यामुळे बंद राहतो.

मायक्रोकंट्रोलरला स्वतःलाही एनेबल असू शकते. ईएसपी ३२ ला ती आहे. सप्लाय स्थिर झाल्यावर निदान ५० मायक्रोसेकंदांनी ती वर जावी, ती मोकळी सोडू नये आणि १० किलोओहम व १ मायक्रोफॅरड लावावेत, अशी उत्पादकाची सूचना आहे.

८. बॅटरीचे रक्षण: एनेबलचा आणखी एक उपयोग

सौर पॅनेल आणि बारा व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर बॅटरी सुमारे ११ व्होल्टपर्यंत उतरल्यावर भार तोडणे हितावह. नेमका उंबरठा असलेल्या चिपमध्ये दोन रेझिस्टरांत हे काम होते.

टीपीएस ५४३३१ मध्ये उंबरठा १.२५ व्होल्ट, आतील प्रवाह १ मायक्रोअँपिअर, आणि चिप सुरू झाल्यावर त्यात आणखी ३ मायक्रोअँपिअरची भर पडते. या भरीमुळे सुरू होण्याचे आणि बंद होण्याचे व्होल्टेज वेगळे राहते. ते वेगळे नसेल, तर भार तुटताच बॅटरी किंचित चढेल, चिप पुन्हा सुरू होईल, पुन्हा बंद पडेल. रात्रभर टिकटिक चालेल.

आपल्याला १२ व्होल्टला सुरू आणि ११ व्होल्टला बंद हवे आहे, असे समजू.

वरचा रेझिस्टर = (१२ − ११) ÷ ३ मायक्रोअँपिअर = ३३३ किलोओहम; बाजारात ३३० मिळतो.

खालचा रेझिस्टर = १.२५ ÷ [(१२ − १.२५) ÷ ३३० किलोओहम + १ मायक्रोअँपिअर] = सुमारे ३७.२ किलोओहम. ३३ आणि ४.७ असे दोन एकापुढे एक जोडले की ३७.७ होतात.

आता पडताळा पाहू. ३७.७ किलोओहमवर १.२५ व्होल्ट म्हणजे ३३.१६ मायक्रोअँपिअर. सुरू होताना त्यातील १ आतून मिळतो, ३२.१६ वरून यावा लागतो; ३३० किलोओहमवर १०.६१ व्होल्ट, अधिक १.२५, एकूण ११.८६ व्होल्ट. बंद होताना ४ आतून मिळतात, २९.१६ वरून, ९.६२ अधिक १.२५ म्हणजे १०.८७ व्होल्ट. हवे होते त्याच्या अगदी जवळ. बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत चढली तरी पिनवर सुमारे १.६ व्होल्टच येतात. ६ व्होल्टची मर्यादा दूर राहते. हे आकडे सरासरी चिपचे आहेत. प्रत्यक्षात थोडा फरक पडेल, तो मोजून घ्यावा.

९. बंद होण्याचाही क्रम असतो

आपण सुरू होण्याची फार काळजी करतो आणि बंद होण्याची मुळीच नाही. माझी मोटर सुरू होताना जळाली नाही. ती वीज *जाऊन येताना* जळाली. एनेबल खाली गेली म्हणजे आउटपुट तत्काळ शून्य झाले असे नसते. आउटपुटचा कपॅसिटर भरलेला असतो. भार हलका असेल तर तो कितीतरी वेळ व्होल्टेज धरून ठेवतो. काही चिपांत आउटपुट रिकामे करण्याची सोय आत असते. नसेल तर आउटपुटवर एक लहान भार-रेझिस्टर द्यावा.

म्हणून तपासणी करताना बोर्ड एकदा चालू करून समाधान मानू नये. अर्धा सेकंद बंद, पुन्हा चालू; दोन सेकंद बंद, पुन्हा चालू; भराभर दहा वेळा. वेल्ह्याचा पाऊस जी परीक्षा घेणार आहे ती आपण टेबलावर आधी घ्यावी. मल्टिमीटरला मिलिसेकंदांचा खेळ दिसत नाही. संस्थेतील दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप मागून घ्यावा. एक प्रोब एनेबलवर, दुसरा आउटपुटवर. तो मागायला लाजू नये. ती उपकरणे विद्यार्थ्यांसाठीच आहेत.

१०. सारांश

१. एनेबल पिन मोकळी सोडू नये; मोकळी असताना चिप काय करते हे डेटाशीटमध्ये पाहावे.
२. पिन वर गेल्यावर चालू की खाली गेल्यावर, हे गृहीत धरू नये.
३. ओढणारा रेझिस्टर आतील प्रवाह आणि ओलीची गळती धरून ठरवावा.
४. पिन किती व्होल्ट सोसते ते पाहावे.
५. पॉवर-गुडचा रेझिस्टर त्याच चिपच्या आउटपुटला जोडावा.
६. मेंदू आधी, ताकदीची कामे नंतर. बंद करताना उलट.
७. काही बिघडले तर यंत्र *बंद* अवस्थेत जावे, चालू अवस्थेत नव्हे.

स्वाध्याय

(अ) ४७ किलोओहम, १ मायक्रोफॅरड, सप्लाय ५ व्होल्ट, उंबरठा १.२५ व्होल्ट. उशीर किती?
(आ) आतील प्रवाह १ मायक्रोअँपिअर, खाली २.२ मेगाओहम, उंबरठा १.२५ व्होल्ट. चिप चालू की बंद?
(इ) एलएम २५९६ ची ऑन-ऑफ पिन तुटली. काय होईल?

उत्तरे: (अ) सुमारे १३.५ मिलिसेकंद. (आ) पिनवर २.२ व्होल्ट येतील, चालू. (इ) चिप चालूच राहील, ती बंद करता येणार नाही.

मित्रहो, दुरुस्त केलेला बोर्ड त्याच टाकीवर बसवला, तेव्हा पाऊस अजून सरला नव्हता. पहिल्या रात्री मी तेथेच मुक्काम केला. वीज चार वेळा गेली, चार वेळा आली. प्रत्येक वेळी रिले सुटल्याचा 'टक्' असा आवाज येई. मेंदू जागा होई, टाकी पाहून घेई आणि मगच मोटर लावी. सकाळी त्याच आजी हंडा घेऊन नळावर आल्या आणि पाणी भरून गेल्या. काही बोलल्या नाहीत. मला तेवढे पुरे होते.

आपल्यातील जी मुले-मुली हे शास्त्र शिकत आहेत त्यांनी लक्षात ठेवावे, की बोर्डावरच्या एका मोकळ्या पिनच्या दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी हंडा असतो. शंका आल्यास विचारावे, मोजावे, मग जोडावे. या लेखातून एकाची जरी मोटर वाचली, तरी लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.